नेलपेंटवाले आहेर मिस्त्री

आहेर मिस्त्री गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून कधी बोलायचे नाहीत. डाव्या हाताकडे बघून बोलायचे. क्लच डाव्या हातानं दाबतात, म्हणून. तोंड काय, काहीही सांगतं, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याही हाताकडे असं टक लावून बघितलं, की मी पदर सावरला आणि मनात म्हटलं, मेला बांगड्या बघतोय की काय.

दिंडोरी नाक्याजवळ आमचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. नवरा सातपूरला कंपनीत, त्यामुळे दुकान माझ्याच गळ्यात. गॅस्केट, केबल, प्लग, क्लचप्लेटी, सगळं मला पाठ होतं, आणि 'घरी कोणी माणूस नाही का?' असं विचारणाऱ्याला मी रिकाम्या हातानं परत पाठवायची. नव्वदीच्या सुरुवातीला शेजारची पत्र्याची शेड आहेर मिस्त्रींनी घेतली. सटाण्याकडचा माणूस, बोलण्यात मधूनच अहिराणी. उंच, वाळकुडा, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. पाटी लावली नाही. 'पाटी कशाला? ज्याला गरज त्याला माहीत शे,' म्हणाले.

त्या काळी नाशकात धुळीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींचं भलतंच वेड होतं. शहराबाहेर मोकळ्या मैदानावर मातीचे उंचवटे करायचे, आणि टू-स्ट्रोक गाड्यांचे मडगार्ड-दिवे काढून पोरं त्यावरून उडायची. निळा धूर आणि तो कर्कश आवाज. अशा गाडीचा क्लच फार मार खातो. दर वळणाला दाबा, सोडा, दाबा, सोडा. तो सरकायला लागला की इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. त्यावरचा आख्ख्या नाशकातला इलाज म्हणजे आहेर मिस्त्री.

पहिल्या महिन्यातच त्यांचं-माझं वाजलं. कॉर्कच्या क्लचप्लेटीचे सात सेट नेले आणि दुसऱ्या दिवशी सहा परत आणले. 'एकच बरोबर हाय, बाकीच्यांची जाडी कमी-जास्त हाय,' म्हणे. माझ्या मनात आलं, हा बाबा जुन्या प्लेटी नव्या पाकिटात घालून देत असणार. पुढच्या वेळी मी प्रत्येक प्लेटीच्या दात्यावर आतल्या बाजूला पेन्सिलीची बारीक रेघ मारून दिली. प्लेटी परत आल्या. माझ्या रेघा जागेवर होत्या, आणि प्रत्येक रेघेशेजारी त्यांनी आपली एक रेघ मारली होती.

'तुम्ही खूण केली व्हती,' ते म्हणाले, 'म्हणून मीबी केली. तुम्ही बदलून टाकल्या तर?'

त्या दिवसापासून आमचं जमलं. एकमेकांवर बरोबरीनं संशय घेणाऱ्या माणसांत एक प्रकारचा सलोखा असतो.

त्यांची रीत ठरलेली. गाडी आली की लगेच पान्याला हात लावायचा नाही. आधी चौकशी. कधीपासून? कोण चालवतं? मेहुण्याला दिली होती का? मग लिव्हर बोटानं हलवून केबलला मोकळीक किती आहे ते बघायचं. मोकळीक नसेल तर क्लच कायम अर्धा दाबलेलाच राहतो, बिचाऱ्या प्लेटींनी धरायचं कसं? मग गाडी शेडसमोरच्या चिंचेला नेऊन टेकवायची. पुढचं चाक खोडाला, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, आणि क्लच सावकाश सोडायचा. इंजिन बंद पडलं तर क्लच ठणठणीत. चाक जागेवर आणि इंजिन सुरूच, म्हणजे प्लेटी सरकताहेत. त्या चिंचेची साल एका बाजूनं पार गेली होती.

दिंडोरीचे एक द्राक्षबागायतदार यायचे. दर तीन महिन्यांनी प्लेटी जाळून आणायचे आणि दर वेळी माझ्या मालावर खापर फोडायचे. एकदा मिस्त्रींनी त्यांना नम्रपणे विचारलं, 'साहेब, चालवताना क्लचवर बोटं ठेवता का?'

'छे! बिलकूल नाही. वीस वर्षं गाडी चालवतोय मी.'

मिस्त्री आत गेले, बाहेर आले, आणि 'जरा नाक्यापर्यंत चक्कर मारून या, आवाज ऐकू द्या,' म्हणाले. साहेब चक्कर मारून आले. मिस्त्रींनी त्यांचा डावा हात धरला, उलटा केला आणि मला हाक मारली, 'वहिनी, या हिकडं, बघा.' दोन बोटं पांढरीफटक. लिव्हरवर मिस्त्रींनी खडू घासून ठेवला होता; गिअर बदलताना लागतो तो जरासाच, इथं सगळा बोटांवर उतरला होता.

'हे काय शे मग? पीठ मळून आले?'

बागायतदार लालेलाल झाले. पण त्यानंतर प्लेटी दीड वर्षं टिकल्या, आणि दर हंगामात द्राक्षाची पेटी मात्र मिस्त्रींच्या शेडमध्ये यायची. मिस्त्री प्रत्येक घड उचलून खालची द्राक्षं तपासायचे, मगच एक तोंडात टाकायचे.

नेलपेंटची गोष्ट मी कितीतरी जणांना सांगितलीय. एके दिवशी मिस्त्री दुकानात आले आणि उगाच घुटमळायला लागले. गिऱ्हाईक गेल्यावर हळूच म्हणाले, 'वहिनी, ते नखाला लावता ना, लाल... ते एक बाटली पाहिजे व्हती.' माझे डोळेच विस्फारले. बाई गं, हे काय नवीन! विचारलं तर म्हणाले, क्लचचं झाकण बसवलं की प्रत्येक बोल्टवर एक थेंब टाकायचा, अर्धा बोल्टवर, अर्धा झाकणावर. मागाहून कोणी खोललं की थेंब तुटतो. लबाडी लगेच कळते. पुढं त्यांनी रंगही बदलता ठेवला, कोणी तसलीच बाटली आणून नवा थेंब टाकू नये म्हणून. लाल, गुलाबी, एकदा तर मोरपंखी. नेलपेंटच्या दुकानदाराला वाटायचं, ही बाई कुठल्या लग्नांना जाते एवढी. मी आपली हसून बाटल्या आणत राहिले.

तेलाचंही तसंच. दुचाकीत क्लचच्या प्लेटी गिअरबॉक्सच्या तेलातच बुडालेल्या असतात. गिअरबॉक्सचं तेल त्यांनी एकाच जातीचं ठरवलं होतं, आणि ते कोणतं हे माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. ते एका पत्र्याच्या डब्यात. शेजारी तसाच दुसरा डबा, त्यात काळीपिवळी जीपवाल्यांसाठी इंजिनचं नवं तेल. दोन्ही डब्यांची लेबलं त्यांनी स्वतः खरवडून काढली. दुसऱ्या मिस्त्रीनं डोकावून बघितलं तरी त्याला काही कळू नये, हा हेतू. मलाही डबे कोणते ते सांगितलं नाही. मी तरी कशाला विचारू?

आता भास्कर गावितबद्दल सांगायला हवं, म्हणजे जे मला सांगायला नको वाटतं तेच.

भास्कर सुरगाण्याचा. सुरगाणा-नाशिक जीप चालवायचा, वय अठ्ठावीस-तीस, बोलणं मोजकं. जीपचा क्लच दाखवायला आला आणि मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे उलटतपासणी केली. 'क्लचवर पाय ठेवून चालवतो?' भास्कर म्हणाला, 'हो. घाटात ठेवतो. मागं वीस माणसं असतात, गाडी मागं सरकली तर?' खरं बोलणारं गिऱ्हाईक त्यांना बहुतेक पहिल्यांदाच भेटलं होतं. त्यांनी त्याला आपली शर्यतीची गाडी दिली, मैदानावर एक चक्कर मारायला. परत आल्यावर खडू बघितला. खडू जसाच्या तसा, फक्त टोकाशी एका बोटाचा ठसा. वळणांवर लागला तेवढाच क्लच त्यानं दाबला होता, तोही टोकाशी, एका बोटानं.

'हा माणूस क्लचशी नीट वागतो,' मिस्त्री मला म्हणाले. त्यांच्या तोंडून कोणाचं कौतुक मी तेवढंच ऐकलं.

दोन-तीन वर्षं दर सुटीला भास्कर जीप उभी करून मिस्त्रींची गाडी पळवायचा. शर्यती जिंकायला लागला. मग एका दसऱ्याच्या सुमारास बातमी आली, की पुण्याची एक टीम रायडर शोधतेय, पगारी, आणि त्यांचा माणूस दसऱ्यानंतरच्या रविवारी नाशकात शर्यत बघायला येणार आहे. भास्करचं नाव त्याच्या कानावर गेलं होतं. म्हणजे रविवार चांगला गेला की भास्करची जीप सुटणार. त्या आठवड्यात तो दोनदा आला आणि नुसता गाडीजवळ बसून गेला.

खंडेनवमीला मी दरवर्षी मिस्त्रींच्या हत्यारांची पूजा करायची. त्यांच्या घरचं कोणी नाशकात नव्हतं, आणि तेल-काजळीनं माखलेले पाने तसेच पुजणं मला बघवायचं नाही. मिस्त्री सकाळी मैदानावर माती बघायला गेले होते. मी शेड झाडली, पाने घासले, फळीवरचं सगळं खाली काढून फडक्यानं पुसलं, सगळ्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि पुन्हा फळीवर मांडून ठेवलं. दोन डबेसुद्धा.

रविवारी सकाळी मिस्त्रींनी गिअरबॉक्सचं तेल बदललं, थेंब टाकले, मोरपंखी. दुसऱ्यांच्या डब्यात बोट बुडवून नाकाशी नेणारा माणूस. आपला डबा कशाला हुंगेल?

मैदानावर मीही होते. भास्कर सुरुवातीला पुढे होता, मनमाडची टीम त्याच्या मागोमाग. चौथ्या फेरीला उंचवट्याच्या चढावर इंजिनाचा आवाज एकदम चढला आणि गाडी मात्र मागं पडत गेली. एक पुढे गेला, दोन गेले, मग जवळजवळ सगळेच. भास्कर शेवटून दुसरा आला. गाडीतून जळकट वास येत होता.

मिस्त्रींनी तिथंच, सगळ्यांसमोर, बोल्टांवरचे थेंब तपासले. एकही तुटलेला नव्हता. म्हणजे बाहेरच्या कोणी हात लावला नव्हता. झाकण खोललं. प्लेटी काळ्या पडून चकाकत होत्या, तेल जळून डांबर झालेलं. मग त्यांनी भास्करच्या डाव्या हाताकडे बघितलं.

'सकाळी त्या मनमाडवाल्या टीमच्या माणसाबरोबर चहा पिला तू.'

'त्याला जीप पाहिजे व्हती भाड्यानं. सोमवारी.'

'बोट ठेवलं लिव्हरवर. मुद्दाम ठेवलं. किती फेऱ्या ठेवलं?'

'मिस्त्री, मी बोट नाय ठेवलं.'

'मग प्लेटी काय भुतानं जाळल्या? पैसे घेऊन शर्यत इकली तू!' मिस्त्री ओरडत होते, सगळं मैदान ऐकत होतं. 'माले शिकाडू नको क्लच काय शे ते!'

पुण्याचा माणूस दोन पावलांवर उभा होता. तो वही मिटून निघून गेला. भास्करनं हेल्मेट गाडीच्या सीटवर ठेवलं. परत एकदा, तेवढ्याच आवाजात म्हणाला, 'मी बोट नाय ठेवलं.' आणि चालत गेला. नंतर कोणत्याच टीमनं त्याला गाडी दिली नाही. आहेर मिस्त्रीनं सांगितलंय म्हटल्यावर कोण देणार? क्लचच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे कोर्टाचा निकाल.

खरं सांगते, मलाही तेव्हा भास्करचाच संशय आला. गरीब माणूस, कोणी काही दिलं असेल, असं मनात आलं. स्वतःचीच लाज वाटते आता.

दिवाळी झाली. एके दुपारी एका जीपमध्ये तेल ओतायला डबा उचलताना मिस्त्री खुशीत होते. मला म्हणाले, 'वहिनी, लेबलं काढली तरी माझं कधी चुकत नाय. डावीकडचा डबा गिअरचा, उजवीकडचा जीपचा. डोक्यात पक्कं.' आणि हातातल्या डब्यातलं तेल बोटावर घेऊन सहज हुंगलं, कपाळाला आठी घातली, डबा ठेवला, दुसरा उचलला. 'कोणी हलवले वाटतं,' एवढंच पुटपुटले आणि कामाला लागले. त्यांच्या डोक्यात पुढचं काही आलंच नाही. माझ्या आलं. खंडेनवमीला ते डबे मीच हलवले होते. जीपच्या त्या नव्या तेलात इंजिनाचे भाग घासू नयेत म्हणून काहीतरी मिसळलेलं असतं. क्लचच्या प्लेटी त्यात भिजल्या की एकमेकींना धरतच नाहीत. हे मला मिस्त्रींनीच शिकवलं होतं.

मी बोलले नाही. आज सांगेन, उद्या सांगेन. भीती काय, तर मिस्त्री माझ्यावर संशय घेतील. डबे हलवायला तुला कोणी सांगितलं, किती दिवसांपासून चाललंय, असलं काहीबाही विचारतील. एवढ्याशा भीतीपायी मी दिवाळीपासून शिमग्यापर्यंत तोंड शिवून बसले. शेवटी शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी भास्करची जीप नाक्यावर उभी दिसली. तो बोनेटवर हात टेकून उभा होता, आणि मैदानाकडे जाणारी एक गाडी आवाज करत गेली तरी त्यानं वळून बघितलं नाही. मी तडक शेडमध्ये गेले आणि सगळं ओकून टाकलं.

मिस्त्रींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'गावितनं पाठवलं का तुम्हाला?'

असा संताप आला मला! 'अहो, जळलं मेलं तुमचं ते डोकं!' मी म्हटलं. 'मी माझ्या तोंडानं माझी चूक सांगतेय, आणि तुम्हाला यातही कट दिसतोय?'

मिस्त्रींनी पाना उचलला. गाडी काढली, नव्या प्लेटी बसवल्या, गिअरबॉक्समध्ये जीपचं तेल ओतलं आणि दिंडोरी रस्त्यानं निघून गेले. अर्ध्या तासानं गाडी ढकलत आले. चिंचेला टेकवली, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला. इंजिन ओरडत राहिलं. चाक हललं नाही आणि इंजिन बंदही पडलं नाही. मग गाडी बंद केली आणि म्हणाले, 'उद्या सुरगाण्याला जाऊ. तुम्हीबी चला.'

भास्करच्याच जीपमध्ये बसलो. मिस्त्री पुढे, त्याच्या शेजारी, मांडीवर पान्यांची पिशवी. वणीच्या पुढे एका चढावर इंजिनाचा आवाज चढला आणि जीप मात्र रांगायला लागली. मिस्त्रींनी मान वळवली. भास्कर समोर बघत होता.

सुरगाण्याला माणसं उतरली. जीप रिकामी झाली तसे मिस्त्री म्हणाले, 'भास्कर, तू बोट ठेवलं नव्हतं. तेल चुकलं. माझ्या हातून.'

'डबे मी हलवले होते,' मी म्हटलं. 'खंडेनवमीला, पुसताना.'

भास्करनं माझ्याकडे बघितलं. 'ताई, तुम्हाला कवा कळलं?'

'दिवाळीनंतर.'

'शिमगा झाला आता,' तो म्हणाला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मग मिस्त्रींकडे वळून, 'आन तुम्हाला कसं पटलं?'

'टेस्ट घेतली. तेच तेल टाकून. सरकला.'

भास्करनं मान हलवली. त्याचा आवाज चढला नाही. 'मी दोनदा सांगितलं तुम्हाला. मी सांगितलं तवा नाय पटलं. तेलानं सांगितलं तवा पटलं.'

मिस्त्री पिशवी उघडायला लागले. 'तुझा क्लच सरकतोय. चढाला कळलं मला. तासाभरात करून देतो. खोलू दे मला.'

'राहू द्या मिस्त्री.'

'अरे, परतीच्या घाटात जास्त तापेल...'

'माहीत हाय मला. दुसऱ्याकडून करून घेईन.' त्यानं मिस्त्रींच्या हातातली पिशवी अलगद बंद केली. 'बसा. नाशिकलाच चाललो.'

जीप भरायला लागली. कोणी भाताची पोती, कोणी कोंबड्या घेऊन आलेलं. पुढची जागा रिकामी होती, पण मिस्त्री तिथं बसले नाहीत. मागं गेले, फळीवर कोपऱ्यात जागा केली आणि एका म्हातारीच्या बोचक्याशेजारी बसले. मी त्यांच्या समोर. घाट लागला. इंजिन ओरडायला लागलं, जीप इंचाइंचानं वर चढू लागली आणि जळक्या क्लचचा वास आत भरला. एका बाईनं नाकाला पदर लावला. एका माणसानं विचारलं, 'कसला वास येतो हो?'

सगळ्या नाशकात त्याचं उत्तर ज्याला पक्कं ठाऊक, तो माणूस पिशवी पोटाशी धरून बसला होता. त्यानं त्या माणसाकडे बघितलं, मग आरशात दिसणाऱ्या भास्करकडे बघितलं.

'माहीत नाय,' मिस्त्री म्हणाले, आणि मान खाली घातली.